सफरचंद पाय, प्रयत्न चौथा: आगळाने घात केला, अमृत कोकमाने तारलं

मागच्या वेळी तिसऱ्या पायची (पिठाच्या पारीत सफरचंदाचं सारण भरून भट्टीत भाजतात तो इंग्रजी 'पाय') कथा अर्धीच सोडली होती, कारण सांगायला लाज वाटत होती. आता सांगतो. खारट झाला होता.

मूळ दुखणं सफरचंदाचं. आमच्या वेंगुर्ल्याच्या बाजारात येतं ते लाल, गोड, भुसभुशीत सफरचंद. कापून खायला ठीक, पण भट्टीत गेलं की त्याची खीर होते. पायला लागतं आंबट आणि कडक फळ. ऑस्ट्रेलियात मारिया अ‍ॅन स्मिथ नावाच्या बाईंच्या बागेत 1868 च्या सुमारास हिरवं ग्रॅनी स्मिथ सापडलं, ते यासाठी उत्तम. पण त्यासाठी मला पणजी गाठावी लागते आणि एका पायला तेवढं पेट्रोल जाळणं घरात खपत नाही. आंबटपणाचा संबंध नुसत्या चवीशी नाही. फळाच्या पेशींना धरून ठेवणारं पेक्टिन आंबट रसात उशिरा विरघळतं, म्हणून आंबट फोड भाजल्यावरही फोडच राहते.

मग आंबट कोकणातलंच घालू म्हटलं. बरणीत आगळ, म्हणजे कोकमाचा घट्ट रस होता, दोन चमचे ओतला. आगळात मीठ असतं हे सोलकढी पिऊन वाढलेल्या माणसाने विसरावं, याला काय म्हणायचं! शेजारच्या काकींनी एक घास खाऊन "वेगळं लागतं हो" म्हटलं आणि बशी सरकवली.

या खेपेला अमृत कोकम वापरलं. साखरेत मुरवलेलं, घरचं, जिरं-मीठ न घातलेलं. पाऊण किलो सफरचंदांना तीन टेबलस्पून. साखर वेगळी फक्त दोन चमचे. रंग मात्र जांभळट गुलाबी येतो, सोनेरी पायचे फोटो हवे असतील त्यांनी लिंबू पिळावं.

दुसरी युक्ती: फोडी बोटभर जाड कापायच्या, पातेल्यात घालून वर उकळतं पाणी ओतायचं, झाकून दहा मिनिटं ठेवायचं, मग चाळणीत पूर्ण निथळायचं. ऐकायला उलटंच वाटतं, पण साठ-सत्तर अंशांच्या उबेत फळातलं एक एन्झाइम पेक्टिनला उलट घट्ट करतं. पहिल्या पायमध्ये हे केलं नव्हतं, तेव्हा वाटीने वाढावा लागला होता. दालचिनी परसातल्या झाडाची, दापोलीच्या कृषी विद्यापीठाची 'कोकण तेज'. जायफळ चिमूटभरच.

आता पारी. ऑक्टोबरच्या उकाड्यात लोणी काय टिकणार! ते वितळतं तिशीच्या थोडं वर, आणि स्वयंपाकघर त्याच्याशी स्पर्धा करत असतं. दुसऱ्या प्रयत्नात पीठ थंड ठेवायला बंदरावरून बर्फ आणला होता. परातीखाली ठेवला, तरी पायला बांगड्याचा वास आलाच. आता 125 ग्रॅम लोणी फ्रीझरमध्ये दगडासारखं करतो, खिसणीवर थेट 200 ग्रॅम मैद्यात किसतो, बोटांच्या टोकांनी भराभर चोळतो, बर्फाचं पाणी तीन-चार चमचे. पहाटे सहाच्या आत. उशीर झाला की सरळ नानकटाई करावी.

एवढ्या पिठात आठ इंची डब्याचा तळच झाला, झाकण उरलं नाही. पण झाकण पाहिजेच असं कुणी सांगितलंय? दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये लोणी-साखर रेशनवर गेली, तेव्हा पारीऐवजी वर चुरा भुरभुरण्याचा क्रंबल घरोघरी रुजला. मी काजूकणी, गूळ, मैदा आणि उरलंसुरलं लोणी चुरून घातलं. इंग्लंडातली 1381 ची पायची कृती तर याहून साधी: सफरचंदं, पेअर, अंजीर, मनुका, मसाले, केशर, आणि साखरेचं नावच नाही. त्या पारीला ते 'कॉफिन' म्हणत, म्हणजे पेटी. आज तो शब्द ऐकून कुणी डबा उघडणार नाही.

तळ आधी रिकामा भाजला, 190 वर वीस मिनिटं. फुगू नये म्हणून बटर पेपरवर वजन हवं. परदेशी लोक त्यासाठी चिनी मातीच्या गोट्या विकत घेतात. मी डब्यातले कुळीथ ओतले. कागद काढून आणखी सात मिनिटं, मग सारण आणि चुरा, 180 वर चाळीस मिनिटं. मध्ये दहा मिनिटं वीज गेली, पण ओटीजीचं, म्हणजे घरगुती विजेच्या भट्टीचं, दार उघडलं नाही.

निकाल: तळ कुरकुरीत, फोडी शाबूत, रस कापताना वाहिला नाही. मात्र चुऱ्यातला गूळ एका कडेला करपला, पुढच्या वेळी वरची कॉइल वीस मिनिटांनी बंद करणार. आईने पाय खाल्ला, मत दिलं नाही. तिचं लक्ष ताटलीतल्या तपकिरी कुळथांवर.

"हे टाकतलंस काय रे?"

म्हटलं, पुढच्या पायला ठेवतो.

"भाजलेले हत मरे आयते," म्हणाली आणि जात्याकडे निघाली. रात्री पिठी-भात होता. पाचव्या प्रयत्नासाठी वजन नवीन आणावं लागणार.