तुम्ही विचारलंत म्हणून: लागण एकाकडूनच, मग आजाराची चाल वेगळी का?

एचआयव्हीवरची औषधे देणाऱ्या एआरटी केंद्रावर काम करत असल्यामुळे हा प्रश्न मला वारंवार विचारला जातो, आणि तो बहुधा जोडप्यांकडून येतो. एचआयव्हीचा विषाणू एकाकडूनच दुसऱ्याला आलेला असताना एकाची सीडी४ संख्या, म्हणजे रोगप्रतिकार करणाऱ्या विशिष्ट पेशींची रक्तातली संख्या, चार-पाच वर्षांत दोनशेच्या खाली जाते आणि दुसरा औषधांशिवायही दहा-बारा वर्षे धडधाकट राहतो, हे कसे? ‘त्यांचं रक्तच चांगलं,’ असा निवाडा घरच्यांनी आधीच केलेला असतो. तो अगदीच खोटा नाही. लागणीच्या वेळचे वय, सोबतचे आजार आणि विषाणूचे स्वतःचे गुण यांचा वाटा आहेच. परंतु उपचारांपूर्वी रक्तात विषाणू किती राहतो यात माणसामाणसांत जो फरक पडतो, त्याचा सुमारे पाव हिस्सा रुग्णाच्या जनुकांमुळे असतो, असे युरोपीय वंशाच्या सहा हजारांहून अधिक रुग्णांच्या अभ्यासातून २०१५ साली दिसले.

बोलबाला झाला तो सीसीआर५ या जनुकाचा. पेशीत शिरण्यासाठी विषाणूला पेशीवरच्या सीडी४ या प्रथिनाबरोबर बहुधा याच जनुकाचे प्रथिन लागते. काहींच्या या जनुकातली डीएनएची ३२ अक्षरे गळालेली असतात, हे १९९६ साली उघड झाले. असा जनुक आई-वडील दोघांकडून आला तर लागण सहसा होतच नाही. एकाकडूनच आला तर होते, पण आजार दोन-तीन वर्षे उशिरा बळावतो. बर्लिनच्या टिमोथी रे ब्राउन यांना रक्ताच्या कर्करोगासाठी असाच दाता शोधून मूळपेशी दिल्या गेल्या आणि त्यांचा एचआयव्हीही गेला, ही बातमी अनेकांनी वाचलेली असते. मात्र हा बदल मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांत आढळतो, भारतीयांत क्वचितच. त्यामुळे आपल्याकडच्या धडधाकट राहिलेल्या जोडीदाराच्या तब्येतीचे श्रेय त्याला देणे कठीण आहे.

माझ्या मते खरी गंमत एचएलए जनुकांत आहे. त्यांची प्रथिने बाधित पेशीतले विषाणूचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर मांडतात, आणि ते ओळखून रोगप्रतिकार यंत्रणेतल्या मारक टी-पेशी ती पेशी नष्ट करतात. कोणता तुकडा मांडला जाईल, हे त्या प्रथिनाच्या खाचेच्या घडणीवर ठरते. यांपैकी एचएलए-बी*५७ हा प्रकार असलेल्यांत विषाणूच्या गाभ्याचे कवच ज्या प्रथिनाचे बनते, त्यातले नेमके नाजूक तुकडे मांडले जातात. त्यांतून निसटण्यासाठी विषाणू त्या प्रथिनात २४२ व्या जागी थ्रिओनिन या अमिनो आम्लाऐवजी अ‍ॅस्परॅजिन हे दुसरे बसवतो खरा, पण त्यामुळे त्याची स्वतःचीच वाढ मंदावते. निसटतो, पण लंगडत. बी*२७ असलेल्यांतही आजार सावकाश वाढतो, तर बी*३५ चे काही प्रकार असलेल्यांत तो झपाट्याने पुढे जातो.

यावर पुढचा प्रश्न ठरलेला असतो: तपासणीत चांगला जनुक निघाला तर गोळ्या थांबवता येतील का? नाही. बी*५७ असूनही आजार बळावलेले रुग्ण पुष्कळ आहेत, आणि विषाणू आपोआप आटोक्यात राहिलेल्यांच्या शरीरातही दाह चालूच राहतो. म्हणूनच आपल्याकडे २०१७ पासून सीडी४ संख्या कितीही असली तरी उपचार सुरू केले जातात.

एका जनुकाची तपासणी मात्र खरोखर उपयोगी आहे, आणि तो याच कुळातला, बी*५७:०१. ज्यांच्यात तो असतो त्यांच्यापैकी जवळपास निम्म्यांना अबाकाविर हे एचआयव्हीवरचे औषध सोसत नाही: ताप, पुरळ, उलट्या, कधी धाप. औषध बंद करून पुन्हा घेतले तर जिवावर बेतू शकते. हा जनुक भारतीयांतही आढळतो. म्हणून अबाकाविर लिहून देण्याआधी ही तपासणी करावी, आणि तो निघाला तर दुसरे औषध निवडावे.