देवळाची ओवरी मोकळी आहे

निसर्ग वादळावर लिहायचं असं बरेच दिवस घोळत होतं. माड किती पडले, पत्रे कुठवर उडाले हे सगळ्यांनी लिहून झालंय. माझ्या डोक्यात राहिलंय ते ३ जून २०२० च्या सकाळी साडेआठ ते अकरामधलं, स्टुडिओतल्या लँडलाइनवरचं.

मी कोकणातल्या एका छोट्या रेडिओ केंद्रावर उद्घोषक आहे. सकाळच्या सभेला बसलो होतो आणि दुपारी सुटणार होतो. माझ्या जागी येणारा सहकारी वाटेत आडव्या पडलेल्या झाडाशी अडकला, त्यामुळे खुर्ची माझ्याकडेच राहिली. कॅन्टीन लॉकडाऊनपासून बंद. वॉचमनकाकांनी पेज केली, ती फेडर (माइकचा आवाज वरखाली करायची पट्टी) खाली असताना प्यायलो. नुसतं बोलत राहणं यात शौर्य नाही. हवेत शांतता जाऊ द्यायची नाही, ही हाताला लागलेली सवय आहे.

खरं काम ट्रान्समीटरवर चाललं होतं आणि त्याबद्दल कुणी लिहीत नाही. मीडियम वेव्हचा मनोरा हाच अँटेना असतो. तो पायथ्याशी चिनीमातीच्या इन्सुलेटरवर उभा असतो आणि ताणदोर त्याला धरून ठेवतात. समुद्रावरून वारा आला की त्या इन्सुलेटरवर मीठ धरतं, वर पाऊस पडला की वीज तिथून जमिनीत उतरायला बघते आणि ठिणग्या उडतात. आमचे इंजिनिअर खिडकीतून ते बघत होते. हॉटलाइनवर मला म्हणाले, ‘तुझ्या बातम्या इथे ठिणगीतून ऐकू येतायत, रेडिओ लावायची गरज नाही.’ मला वाटलं चेष्टा करतायत. पण मीडियम वेव्हवर हे खरोखर होतं: आवाजाप्रमाणे लहरींची ताकद कमीजास्त होते, तशी ठिणगीही फुलते, मिटते आणि बोलते. मनोऱ्याकडून उलटी फिरणारी पॉवर वाढली की ट्रान्समीटर ट्रिप होतो, म्हणजे आपोआप बंद पडतो, म्हणून त्यांनी पॉवर निम्म्यावर आणून ठेवली. त्यावर वरच्या कार्यालयातून विचारणा झाली, पूर्ण पॉवर का नाही? पूर्ण पॉवरवर दर पाच मिनिटांनी बंद पडण्यापेक्षा निम्म्यावर अखंड चालणं बरं, हे ज्याने मीटरचा काटा कधी पाहिला नाही त्याला कसं समजवायचं? आमचं एफएम डोंगरापलीकडे जातच नाही. मीडियम वेव्ह जमिनीला धरून जाते आणि खाऱ्या पाण्यावरून तर आणखी लांब, त्यामुळे किनाऱ्याच्या गावांना त्या दिवशी तिचाच आधार होता.

तर, फोन. हवामान खात्याची बुलेटिनं येत होती. तीव्र चक्रीवादळ, वाऱ्याचा वेग ताशी ११० ते १२० किलोमीटर, दुपारी अलिबागच्या दक्षिणेला किनारा ओलांडणार. टीव्हीवर सगळं मुंबई, मुंबई चाललेलं. आपल्याकडे वादळाचा वारा घड्याळाच्या उलट फिरतो. वादळ ईशान्येकडे सरकत असेल तर केंद्राच्या उजव्या हाताला, म्हणजे श्रीवर्धन, मंडणगड, दापोली या बाजूला, तो थेट समुद्रावरून अंगावर येतो. २००९ चं फयान वादळ आठवणाऱ्या कोळ्यांना हे सांगावं लागत नाही. चॅनेलवाल्यांना कोण सांगणार?

माझ्यासमोर सूचना होती: ‘कच्च्या घरांतील नागरिकांनी जवळची शाळा, पक्की इमारत येथे आश्रय घ्यावा.’ साडेआठच्या सुमाराला मी ती वाचली आणि लगेच फोन वाजला. एक बाई होती. ‘ओ, शाळेत तर मुंबैवाले ठेवलेत क्वारंटाईनला. आमी जायाचा कुठं?’

खरंच होतं. मे महिनाभर चाकरमानी आले होते आणि गावोगावच्या जिल्हा परिषद शाळा त्यांनी भरल्या होत्या. गाव त्यांच्या वाऱ्यालाही उभं राहत नव्हतं. सूचना लिहिणाऱ्याने खोटं लिहिलं नव्हतं. तो मजकूर वर्षानुवर्षांच्या साच्यातून आला होता आणि त्या साच्यात करोना नव्हता. तहसीलच्या नियंत्रण कक्षाला फोन लावला, तो एंगेज. परत लावला, तरी एंगेज. तिथल्या लोकांना दोष देत नाही, त्यांच्या डोक्यावर त्या दिवशी अख्खा तालुका होता.

मग मी जे केलं ते आमच्या नियमात बसत नाही. गाणं खाली घेतलं आणि मायक्रोफोनवर सांगितलं की ज्या गावात शाळेशिवाय दुसरी पक्की, मोकळी जागा आहे, त्यांनी आम्हाला कळवावं. सरपंचांनी किंवा पोलीस पाटलांनीच फोन करावा.

फोन सुरू झाले. देवळाची ओवरी मोकळी आहे. सोसायटीचं गोदाम उघडून दिलंय. एका गावातल्या मशिदीच्या वरच्या मजल्यावर पन्नास माणसं मावतील, म्हणून खुद्द जमातीच्या माणसाचा फोन. एका ठिकाणी शाळेतल्या चाकरमान्यांनीच तीन वर्ग मोकळे करून स्वतःला दोन वर्गांत कोंबून घेतलं होतं, तेही सांगितलं. प्रत्येक नंबर मी लिहून घेत होतो आणि फोन ठेवून उलटा लावत होतो. पलीकडून तोच माणूस बोलला की मगच वाचायचं. एवढीच पडताळणी माझ्या हातात होती.

साधारण अकराच्या आधी बाणकोट खाडीच्या अलीकडच्या एका गावातून फोन आला. आवाज तुटक. गावाबाहेरचं एक मंगल कार्यालय उघडलंय, एवढं समजलं. उलटा फोन लावला, तो लागला नाही. तिथले टॉवर एव्हाना पडायला लागले असावेत. मी ते वाचलं नाही. कार्यालयाला कुलूप असेल आणि माणसं पोराबाळांसकट त्या वाऱ्यात शंभर-दोनशे पावलं चालून गेली तर? आणि उघडं असेल आणि ती घरातच बसली असतील तर? दोन्ही प्रश्न आजही तेवढेच जड आहेत. मी न वाचण्याच्या बाजूने आहे, पण रोज नाही.

दुपारी वीज गेली. जनरेटर सुरू होईपर्यंत काही सेकंद हवा रिकामी गेली, त्याची लॉगबुकात नोंद आहे. संध्याकाळी रत्नागिरीजवळ मिऱ्याच्या किनाऱ्याला ‘बसरा स्टार’ हे जहाज येऊन अडकल्याची बातमी वाचली. पुढचे दिवस मुंबईहून येणारे फोन: केळशीला आई आहे, हर्णैला मोठे काका आहेत, आम्ही बरे आहोत एवढं सांगा हो. व्यक्तिगत निरोप वाचायचे नाहीत असाही नियम आहे. तेही वाचले. वीज नाही, फोन नाही आणि दुकानात सेल नाहीत, अशा गावात ऐकलं किती जणांनी? कुणी ट्रकमधला रेडिओ लावून अंगणात ठेवल्याचं नंतर कळलं.

पुढच्या आठवड्यात माझ्याकडे लेखी खुलासा मागितला: अनधिकृत माहितीचे प्रसारण का केले? कार्यालयाची बाजू मला कळते. उद्या कुणीही फोन करून अफवा सोडेल आणि आमच्या तोंडून ती खरी होईल. मी नंबरांची यादी जोडून खुलासा दिला. त्यावर उत्तर आलं नाही, म्हणजे कारवाई झाली नाही आणि पद्धतही बदलली नाही.

यादी मात्र वहीत उतरवून ठेवली, गाव, पोलीस पाटील, लँडलाइन अशी. २०२१ च्या मेमध्ये तौक्ते वादळ येतंय म्हटल्यावर आदल्या दिवशीच ती काढून बसलो. निम्म्याहून जास्त लँडलाइन बंद झाल्या होत्या. निसर्गात तारा तुटल्या त्या कुणी परत जोडून घेतल्याच नाहीत, मोबाईल आहे ना! बाणकोटजवळच्या त्या गावच्या पोलीस पाटलांचा मोबाईल नंबर मात्र मिळाला. त्यांना आधी मंगल कार्यालयाची किल्ली कुणाकडे असते ते विचारलं. म्हणाले, दोन किल्ल्या आहेत, एक मालकाकडे आणि मालक ठाण्याला. दुसरी कुठे ते बघून सांगतो म्हणाले आणि संध्याकाळच्या आत त्यांचा फोन आला.