फाटकावरची पाटी आणि फाटकाबाहेरचा कुत्रा

बेळगावच्या टिळकवाडीतील आमच्या गल्लीत एका बंगल्याच्या फाटकावर दोन भाषांतील पाटी आहे. वरच्या ओळीत कानडी, ‘नायी इदे, एच्चरिके’, आणि खाली मराठी, ‘कुत्र्यापासून सावध राहा’. ही पाटी आत येणाऱ्याला सावध करते. फाटक उघडे राहिले आणि कुत्रा रस्त्यावर आला, तर रस्त्याने जाणाऱ्याने कशाच्या आधारे सावध राहायचे, याचे उत्तर त्या पाटीवर नाही. पावसाळ्याच्या तोंडावर एका सकाळी माझी एकाहत्तर वर्षांची आई दूध घेऊन परत येत असताना नेमके हेच घडले. त्या घरातील धिप्पाड रॉटवायलरने तिच्या पोटरीचा चावा घेतला आणि मालक धावत येऊन त्याचा पट्टा धरेपर्यंत दात दोन ठिकाणी खोलवर रुतले होते.

मालकांचे पहिले वाक्य होते, ‘कधी असं करत नाही ओ ते.’ त्याआधी कित्येक महिने त्यांच्याच तोंडून आम्ही ऐकत आलो होतो, ‘काय करत नाही ओ ते, भिऊ नकासा.’ हे वाक्य ते मनापासून म्हणत होते, याबद्दल मला शंका नाही. परंतु कुत्रा घरच्या माणसांशी कसा वागतो यावरून तो परक्या माणसाशी, धावणाऱ्या मुलाशी किंवा हातात काठी घेतलेल्या म्हातारीशी कसा वागेल हे ठरवता येत नाही, आणि कुत्रा मोकळा सोडून वर ‘भिऊ नका’ असे सांगणे म्हणजे आपले काम समोरच्याच्या गळ्यात घालणे आहे.

जखम साबण लावून नळाच्या धारेखाली पंधरा मिनिटे धुतली. शेजारच्या काकू मायेने हळदीची वाटी घेऊन आल्या होत्या. त्यांचे मन दुखवणे जिवावर आले, तरी मी हळद लावू दिली नाही. हळद, चुना, मिरचीपूड यांनी रेबीजचा विषाणू मरत नाही. उलट जखम चिडते आणि धुण्याचा मोलाचा वेळ वाया जातो. सरकारी रुग्णालयात त्याच दिवशी लस सुरू झाली आणि चावा खोल असल्यामुळे जखमेच्या आत व भोवती इम्युनोग्लोब्युलिन, म्हणजे विषाणूला तिथल्या तिथे रोखणारी तयार प्रतिपिंडे, टोचले गेले. ते टोचताना आईने माझा हात असा आवळून धरला होता की तिची बोटे पांढरी पडली. पुढच्या तारखा कार्डावर कानडीत लिहून मिळाल्या. आईला कानडी उत्तम बोलता येते, वाचता येत नाही. म्हणून परिचारिकेने त्या मराठीत वाचून दाखवल्या आणि मी घरी येऊन भिंतीवरच्या दिनदर्शिकेवर तिसरा, सातवा आणि अठ्ठाविसावा दिवस लाल शाईने खूण करून ठेवला.

पोटात चौदा इंजेक्शने घ्यावी लागण्याचा काळ केव्हाच मागे पडला आहे, तरीही ती भीती आमच्या भागातील जुन्या माणसांच्या मनातून गेलेली नाही आणि त्या भीतीपोटी लोक दवाखाना टाळतात. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात या रोगाने होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे एकतृतीयांश भारतात होतात. वेळेवर घेतलेल्या लशीने टाळता येण्याजोगे हे मरण आहे.

यानंतर जे झाले त्याने मला चाव्याहून अधिक दुखावले. चावलेल्या कुत्र्यावर दहा दिवस नजर ठेवावी लागते. तो त्या मुदतीत ठणठणीत राहिला, तर चावला तेव्हा त्याच्या लाळेत विषाणू नव्हता असे समजता येते. लस त्यासाठी थांबवून ठेवायची नसते, ती ताबडतोब सुरू करायचीच असते. पण त्या दहा दिवसांनी घरातल्या माणसांची झोप परत येते. दुसऱ्या दिवशी सकाळी मी कुत्रा पाहायला आणि त्याचे लसीकरणाचे कार्ड मागायला गेले, तेव्हा कुत्रा तिथे नव्हता. प्रकरण वाढू नये म्हणून मालकांनी त्याला रातोरात चिकोडीकडच्या पाहुण्यांच्या मळ्यावर पाठवले होते. कार्ड ‘कुठेतरी असेल’ असे उत्तर मिळाले. ज्या प्राण्याची हमी ते महिनोन्महिने देत होते, त्याची एका कागदाची हमी त्यांच्याजवळ नव्हती. ते दहा दिवस आम्ही कसे काढले हे मी इथे लिहीत नाही. आई मात्र रोज संध्याकाळी एकच विचारायची, ‘कुत्रं जिवंत आहे का गं?’

मला अशा वेळी वडील आठवतात. खानापूर तालुक्यातील आमच्या गावी, मी चौथीत असताना, आमचा मोत्या ऊसतोडीला आलेल्या एका मजुराला चावला होता. वडिलांनी त्या माणसाला सायकलवर पुढे बसवून दवाखान्यात नेले, प्रत्येक इंजेक्शनाच्या दिवशी त्याची बुडालेली मजुरी दिली आणि मोत्याला गोठ्यात साखळीने बांधून त्या माणसाला दर दिवसाआड बोलावून कुत्रा दाखवला. त्यांना कुणी कायदा शिकवला नव्हता. मारका बैल बाजारात नेणाऱ्याने त्याची वेसण आवळून धरायची आणि पुढून येणाऱ्याला ओरडून बाजूला करायचे, हूड जनावराच्या गळ्यात लोढणे अडकवायचे, ही त्या गावातली रीतच होती. दुसऱ्याच्या पिकात शिरलेले जनावर कोंडवाड्यात जाई आणि मालकाला दंड भरून ते सोडवून आणावे लागे. त्यासाठीचा कायदा १८७१ पासून आहे. जोंधळ्याच्या चार ताटांसाठी जी जबाबदारी आपण दीडशे वर्षे मानत आलो, ती माणसाच्या पोटरीसाठी मानायला शहरातला सुशिक्षित मनुष्य कां कू करतो, हे मला समजत नाही.

कायदा अगदीच नाही असे नव्हे. आपल्या ताब्यातील जनावरापासून माणसाच्या जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत संभवत असताना पुरेशी काळजी न घेणे हा जुन्या भारतीय दंड संहितेच्या कलम २८९ प्रमाणे गुन्हा होता आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणेही आहे. कैद सहा महिन्यांपर्यंत पूर्वीइतकीच आहे, दंडाची मर्यादा मात्र एक हजारावरून पाच हजार रुपये झाली आहे. प्राणी जन्म नियंत्रण नियम २०२३ नुसार पाळीव प्राण्याच्या लसीकरणाची जबाबदारी निःसंदिग्धपणे मालकाची आहे. कुत्रा आवरेनासा झाल्यावर त्याला गावाबाहेर सोडून देणे हाही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे, परंतु पहिल्या वेळी त्याचा दंड पन्नास रुपयांच्या पुढे जात नाही.

मार्च २०२४ मध्ये केंद्र सरकारने पिटबुल, रॉटवायलर यांसह तेवीस जातींच्या कुत्र्यांची आयात, पैदास आणि विक्री थांबवण्याबाबत राज्यांना पत्र पाठवले होते. संबंधितांचे म्हणणे न ऐकता ते काढल्याच्या कारणावरून कर्नाटक उच्च न्यायालयाने एप्रिल २०२४ मध्ये ते रद्द केले. माझ्या आईला रॉटवायलर चावूनही मी हे म्हणते की नुसत्या जातीवर बोट ठेवून प्रश्न सुटणार नाही. आपल्या शेजारच्या बागलकोट जिल्ह्यातील मुधोळचा कुत्रा पाहा. घोरपडे संस्थानिकांनी नावारूपाला आणलेला हा सडसडीत शिकारी कुत्रा नजरेने सावज टिपून सुसाट धावण्यासाठीच घडलेला आहे. त्याला मोकळ्या रानात दौड मिळाली तर तो शांत राहतो. दोन खोल्यांच्या घरात दिवसभर कोंडला तर त्याची सगळी रग पहिल्या संधीला रस्त्यावर बाहेर पडते. घरी आणण्यापूर्वी एवढे तरी पाहायला नको का? शिवाय जबडा जितका मोठा तितकी चूक महाग पडते, म्हणून ताकदवान जात पाळणाऱ्यावर काळजीचा भार अधिकच असायला हवा.

भटक्या कुत्र्यांचा वाद वेगळा आहे. सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२५ मध्ये त्यावर आधी एक आदेश दिला आणि अकरा दिवसांत तो बदलला, नोव्हेंबरमध्ये शाळा, रुग्णालये, बसस्थानके अशा जागांसाठी पुन्हा नवा आदेश दिला, आणि तरीही रस्त्यावरचा कुत्रा नेमका कुणाचा, हा प्रश्न अवघडच राहिला. गळ्यात पट्टा असलेल्या कुत्र्याच्या बाबतीत हा प्रश्नच उद्भवत नाही. तो कुणाचा हे गल्लीतल्या पोरालाही ठाऊक असते.

व्हॅक्सिन डेपोच्या झाडीत, जिथे एके काळी देवीची लस तयार होत असे, तिथे पहाटे फिरायला येणाऱ्यांपैकी काहीजण कुत्र्यांच्या दोऱ्या सोडून देतात. त्यांना माझी हात जोडून विनंती आहे की दोरी हातातच असू द्यावी, ती ओढ सहन करू शकणाऱ्या मोठ्या माणसाच्या हातात असू द्यावी आणि कुत्रा तापट असेल तर त्याला जाळीदार मुसके बांधावे. त्यातून त्याला धापा टाकता येतात, पाणीही पिता येते, म्हणजे तो छळ नव्हे. वर्षाच्या वर्षाला लस टोचून तिचे कार्ड हाताशी ठेवावे.

आईचा अठ्ठाविसाव्या दिवसाचा डोस झाला. जखम भरली आहे. दुधाला ती आता मागच्या गल्लीने न जाता वाहनांच्या मोठ्या रस्त्याने वळसा घालून जाते. कुत्रा तीन आठवड्यांनी मळ्यावरून सुखरूप परत आला. त्याला पाहून आम्ही सुटकेचा श्वास सोडला, तर त्याच संध्याकाळी त्या घरातला बारा वर्षांचा मुलगा त्याची दोरी दोन्ही हातांनी धरून त्याच्यामागे ओढला जाताना दिसला. मी फाटकापाशी जाऊन मालकांना दोनच गोष्टी मागितल्या, फाटकाला आपोआप लागणारी कडी आणि लसीकरणाचे कार्ड. कडी त्यांनी बसवून घेतली. कार्डासाठी मी येत्या रविवारी पुन्हा जाणार आहे.