गाडीची ताटं

आमचं गाव कारंजा लाडजवळ. डिसेंबर २०२२ मध्ये समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा सुरू झाला, तशा नागपूरच्या खेपा वाढल्या आणि जुन्या पेट्रोल गाडीचं ॲव्हरेज डोळ्यांत खुपायला लागलं.

पहिलं खूळ मॅगव्हीलचं, म्हणजे अलॉयच्या चाकांचं. हलकी चाकं, गाडी पळणारच, असं दुकानदार म्हणाला. पैसे दिल्यावर अक्कल सुचली. एक मॅगव्हील आणि एक लोखंडी डिस्क, म्हणजे टायर बसतो ते साधं चाक, दोन्ही कापसाच्या काट्यावर ठेवली. फरक जेमतेम एक किलो! हलकं चाक वेग घेताना कमी जोर मागतं. एकसारखी शंभरनं धावणाऱ्या गाडीला त्याचं काय? त्याच पावसाळ्यात गावरस्त्याच्या खड्ड्यात एकाला तडा गेला. लोखंडी डिस्क वाकली असती, तर ठोकून सरळ करता आली असती. परत लोखंडावर आलो.

मग चाकांवर बाहेरून बसवायची झाकणं. गाडी १०० वर असली की चाकाचा वरचा भाग २०० नं पुढे जात असतो, आणि डिस्कची भोकं हवा घुसळत राहतात. वेग दुप्पट झाला की हवेचा विरोध चौपट होतो, म्हणून हे दुखणं समृद्धीवरचं. गावात तिशीनं चालताना नाही. पत्रेवाल्याकडून ॲल्युमिनियमचे गोल कापून घेतले, जुन्या व्हीलकॅपवर रिवेट मारले. मागची पूर्ण बंद. पुढचे ब्रेक जास्त तापतात, म्हणून तिथं कडेनं बोटभर फट. हवा भरायला भोक ठेवायचं पहिल्यांदा विसरलोच.

पारावरून लगेच आवाज आला, "काहून भाऊ, गाडीले ताटं लावले?"

एकाच पंपावर टाकी फुल करून, हवा तेवढीच ठेवून, नागपूरला जाऊन-येऊन मोजलं. वारा जाताना समोरून आला, तर येताना मदतीला यावा म्हणून दोन्ही बाजू. झाकणांआधी लिटरला १७.६ किलोमीटर, मग १८.१. त्यात टाकी भरण्यातली चूकही आलीच, त्यामुळे मी फार छाती फुगवत नाही.

श्रावणात वावरातून निघून थेट समृद्धीवर चढलो. ऐंशीला स्टिअरिंग थरथरायला लागलं. बॅलन्सिंग गेलं, असं वाटलं. झाकण काढलं तर आत काळी माती एका बाजूला थापून बसलेली, चांगली पाटीभर.

तेव्हापासून मृग लागला की ताटं गोठ्यात टांगतो. दसऱ्याला गाडी धुतली की परत चढतात.