श्रीनगरची खरेदी: अंगठीतून गेलेली शाल आणि आमचे साडेसहा हजार

गाडीवाला "फॅक्टरी आहे साहेब, नुसतं बघून या, घेऊ नका" म्हणाला की गाडीतून उतरू नका. आम्ही उतरलो.

आत गालिच्यावर बसवलं, कहवा (केशराचा काश्मिरी चहा) आला. दुकानदाराने हिच्या बोटातली अंगठी मागून घेतली आणि अख्खी "पश्मिना" शाल त्यातून सर्रकन ओढून काढली. हिचा चेहरा बघूनच मी समजलो, आता पैसे जाणार. भाव अठरा हजारांवरून सुरू झाला आणि "बोहनी आहे" म्हणत साडेसहावर आला. संध्याकाळी पाच वाजता कसली बोहनी, हे मला जिना उतरताना सुचलं.

रात्री हॉटेलवर झालरीतला एक धागा उपसून काडी लावली. लोकर किंवा पश्मिना जळली की केस जळल्याचा वास येतो आणि राख बोटांत चुरगळते. आमचा धागा वहीच्या कागदासारखा भुर्रकन पेटला, वासही कागदाचाच. म्हणजे लोकर नाहीच, बहुधा व्हिस्कोस, लाकडाच्या लगद्यापासून केलेला धागा. अंगठीचा खेळ विसरा. कुठलंही पातळ कापड अंगठीतून जातं आणि भरगच्च विणीची कानी शाल (लाकडी काड्यांवर रंगीत सूत गुंडाळून विणलेली) अस्सल असली तरी अडकेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी रेसिडेन्सी रोडवरच्या गव्हर्नमेंट आर्ट्स एम्पोरियममध्ये गेलो. हे पहिल्या दिवशी करायचं होतं. भाव ठरलेले, घासाघीस नाही. काही घेतलं नाही तरी चालेल, पण तासभर शाली हाताळा. खरी पश्मिना उजेडाकडे धरली की वीण किंचित उणीअधिक दिसते, कारण सूत चरख्यावर हाताने कातलेलं असतं. तंतू 12 ते 16 मायक्रॉनचा, म्हणजे केसाहून कितीतरी बारीक, मशीनचा ताण त्याला सोसत नाही. म्हणून मशीनवाले त्यात नायलॉन मिसळतात आणि नंतर ॲसिडने काढतात. त्यात तंतूचा जीव जातो. काश्मीर पश्मिनाला 2008 पासून जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. तपासणी होऊन लेबल लागलेली शाल मिळत असेल तर तीच घ्या. नसेल तर बिलावर "हाताने कातलेली, हातमागावर विणलेली शुद्ध पश्मिना" असं लिहून मागा. दुकानदार कां-कू करू लागला तर कहवा अर्धा टाकून उठा. "सेमी पश्मिना" या शब्दाला काडीचा अर्थ नाही.

कोणी आवाज खाली करून शाहतूश दाखवू लागला तर तिथून निघाच. त्या लोकरीसाठी चिरू, म्हणजे तिबेटी हरणं, मारतात आणि 1972 च्या वन्यजीव कायद्यात घेणाराही अडकतो.

बाकीचं थोडक्यात. दल सरोवरात शिकाऱ्याला शिकारा लावून विकतात ते केशर घेऊ नका. खरी काडी कोमट पाण्यात हळूहळू पिवळा रंग सोडते आणि स्वतः लालच राहते. पाणी लगेच लाल झालं तर रंग लावलाय. पेपर माशेची डबी उघडून आतून बघा, पुष्कळदा नुसता पुठ्ठा असतो. बाहेरचं प्रीपेड सिम तिथे चालत नाही. पोस्टपेड नसेल तर यूपीआयच्या भरवशावर राहू नका, रोख ठेवा.

गुलमर्ग, पहलगाम छान. त्याबद्दल सगळेच लिहितात.

परतताना विमानतळावर गाडीवाल्याने बक्षिसी मागितली. मी दिली नाही. हिने दिली, हे मला घरी आल्यावर कळलं.