लेम्बोंगानमधला आजचा दिवस

सकाळी बालीतल्या सानूरहून स्पीडबोटीने अर्ध्या तासात नुसा लेम्बोंगानला पोचलो. बालीच्या शेजारचं इवलंसं बेट. ओहोटी लागली तशी माणसं समुद्रातल्या शेतात उतरली. काठावर एक आजी दोरीला समुद्री शेवाळाचे तुकडे बांधत होत्या. बोटांची सालं निघालेली, पण गाठ एका झटक्यात! कोविडमध्ये पर्यटक आटले तेव्हा कितीतरी घरं पुन्हा याच शेतीकडे वळली.

घरमालकांना विचारलं, इथे जमीन घेता येईल का? म्हणाले, भाडेपट्ट्याने घ्या. इंडोनेशियाच्या १९६०च्या कायद्याने पूर्ण मालकी, म्हणजे ‘हक मिलिक’, परदेशी माणसाला मिळत नाही. ऐकून खरंच बरं वाटलं. अंगणातल्या देवळीत ते रोज फुलं वाहतात, ते अंगण त्यांचंच राहावं.

संध्याकाळी निघालो, तेव्हाही आजी गाठी मारतच होत्या.