बँकॉकला विमानतळ दोन, आणि माझ्या हातात चार तास

बँकॉकला दोन विमानतळ आहेत हे मला माहीत होतं. तरी तिकीट काढताना नीट पाहिलं नाही, आणि नोव्हेंबर 2024 मध्ये थायलंडच्या उत्तरेतल्या चिआंग माईला पोचायच्या रात्री मी त्या दोनपैकी एका, डॉन मुआंग विमानतळाच्या बाकावर बॅग उशाला घेऊन पडले होते.

माझं काम लॅपटॉपवरचं, राहायला पुण्यात, कोथरूडला. थायलंडची वेळ आपल्यापेक्षा दीडच तास पुढे. इथली दहाची मीटिंग तिथे साडेअकराला पडते, त्यामुळे ऑफिसला काही फरक पडत नाही. बाहेरच्या देशाचं काम तिथे राहून करणाऱ्यांसाठी थायलंडने जुलै 2024 पासून पाच वर्षांचा वेगळा व्हिसा दिला आहे. खात्यात पाच लाख बाट दाखवावे लागतात. तो मी आधीच काढला होता. घाई झाली ती तिकिटात.

मुंबई ते बँकॉक एका कंपनीचं आणि बँकॉक ते चिआंग माई दुसऱ्या कंपनीचं, अशी दोन वेगळी तिकिटं काढली की साडेपाच हजार वाचत होते. पहिलं विमान उतरणार सुवर्णभूमी या दुसऱ्या विमानतळावर, दुसरं सुटणार डॉन मुआंगहून. दोन्हीकडे ठळक अक्षरात ‘बँकॉक’ एवढंच होतं, विमानतळाचं नाव खाली बारीक. मध्ये चार तास. मला ते भरपूर वाटले.

दुपारच्या विमानासाठी पहाटे तीनला शेअर टॅक्सीत बसले. मुंबईच्या काउंटरवर हातातली बॅग वजनाला लावली तर नऊ किलोच्या वर. मर्यादा सातची. लॅपटॉप, चार्जर, वेगळा कीबोर्ड आणि आईने दिलेली चटणी यांचंच वजन तेवढं झालं. बॅग सामानात टाकायला तिथल्या तिथे पैसे भरले. हेच घरून ऑनलाइन भरले असते तर बरेच कमी लागले असते.

संध्याकाळी सुवर्णभूमीला उतरले. तिकिटं वेगळी असली की पुढच्या विमानात सामान आपोआप जात नाही, ते मला माहीत होतं. इमिग्रेशनची रांग, मग पट्ट्यावर बॅगेची वाट, यात दीड तास गेला. पुढच्या काउंटरची चौकशी केली तेव्हा तिथल्या मुलीने माझ्या तिकिटावर बोट ठेवलं: डॉन मुआंग. शहराच्या दुसऱ्या टोकाला. पुढचं तिकीट दाखवलं की दोन विमानतळांमध्ये फुकट बस मिळते, त्या बसने निघाले. पण ती संध्याकाळची वेळ होती, आणि बँकॉकची संध्याकाळ रस्त्यावर कशी असते ते त्या दिवशी कळलं. पोचले तेव्हा काउंटर बंद झाला होता. पहिल्या कंपनीचा याच्याशी संबंध नाही, दुसरीच्या लेखी मी उशिरा आलेली प्रवासी. एकाच तिकिटावर दोन्ही टप्पे असते तर पुढची सोय त्यांना करावी लागली असती. सकाळचं नवं तिकीट वाचवलेल्या साडेपाच हजारांहून महाग पडलं.

गेल्या वर्षी, 2025 च्या नोव्हेंबरात, पुन्हा जायचं ठरलं तेव्हा आधी कागद घेऊन बसले. एका बाजूला मुंबई, दुसऱ्या बाजूला पुणे, आणि घराच्या दारापासून मुक्कामाच्या दारापर्यंतचं सगळं त्यात लिहिलं: टॅक्सी, बॅगेचे पैसे, पहाटेचा नाश्ता, अर्ध्या दिवसाची रजा. पुण्याहून बँकॉकला 2024 च्या हिवाळ्यापासून थेट विमान आहे. पुण्याचा लोहगाव विमानतळ मुळात हवाई दलाचा तळ, त्यामुळे आपल्याकडे परदेशी उड्डाणं मोजकीच आणि तिकीट सहसा चढं. नुसत्या तिकिटात मुंबई चार हजारांनी स्वस्त होती. कागदाच्या तळाशी आले तेव्हा फरक नऊशे रुपये उरला होता. नऊशे रुपयांसाठी खंडाळ्याच्या घाटात ट्रकमागे अडकून घड्याळ बघत बसायची माझी तयारी नव्हती.

आनंदनगरहून मेट्रोत बसले, एकाच गाडीने रामवाडी, तिथून विमानतळापर्यंत रिक्षा. या वेळी बॅग घरीच वजन करून भरली, सामानाचे पैसे तिकिटाबरोबरच भरले. थायलंडचं आगमनाचं ऑनलाइन कार्ड मे 2025 पासून सक्तीचं झालंय. पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचं आणि ते फुकट आहे. पैसे मागणारी साइट दिसली तर ती सरकारी नव्हे, लगेच बंद करा. पहाटे सुवर्णभूमीला उतरले, आणि पुढचं विमानही सुवर्णभूमीहूनच घेतलं होतं, मध्ये सहा तास ठेवून. तिकीट डॉन मुआंगपेक्षा थोडं महाग होतं. जेवणाच्या वेळेला मी चिआंग माईत भात खात होते.

येताना मात्र मुद्दाम मुंबईचं तिकीट घेतलं. येताना पुढचं विमान चुकायची भीती नसते, उशीर झाला तर घरी उशिरा पोचायचं. दुपारी उतरले. टर्मिनल 2 वरून भुयारी मेट्रो थेट दादरला जाते, दादरहून पुण्याला एसटीची शिवनेरी बस. एसटीत बायकांना अर्धं तिकीट, त्यामुळे तो सगळा प्रवास पहिल्या वेळी मुंबईला जाताना दिलेल्या टॅक्सीच्या पैशांच्या जवळपासही गेला नाही. फक्त मेट्रो स्टेशन पश्चिमेला आणि शिवनेरीचा थांबा पूर्वेला, मोठी बॅग असली तर मधल्या अंतरासाठी टॅक्सी करावी.

25 डिसेंबर 2025 पासून नवी मुंबईचा विमानतळही सुरू झालाय, सुरुवातीला फक्त देशांतर्गत विमानांसाठी. आपल्याला तो मुंबईच्या अलीकडे पडतो. तिथून बँकॉकचं विमान सुरू झालं की मी पुन्हा कागद काढणार आहे. कोथरूड ते उलवे, म्हणजे त्या नव्या विमानतळापर्यंत, रात्री किती वेळ लागतो, आणि एवढी मोठी बॅग घेऊन पनवेलहून पुढे कशाने जायचं, तेवढं आधी एकदा जाऊन बघायचंय.